झाडाला राज्याचा मान द्यायचा असेल तर

महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल. या यादीत 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन फुलपाखराची भर पडली, 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा कांदळवन वृक्ष आला आणि 2023 मध्ये पापलेट हा राज्यमासा झाला. आता जंगलातून कमी होत चाललेल्या एखाद्या देशी झाडालाही असा मान मिळावा, असे अनेक वाचकांना वाटते. त्यासाठी काय करायचे आणि काय टाळायचे, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : एखादे झाड राज्याचे मानचिन्ह झाले की त्याच्या तोडीवर आपोआप बंदी येते का? (वाचक, कराड)

उत्तर : येत नाही. ही समजूत इतकी पसरलेली आहे की सगळ्यांत आधी तीच बाजूला ठेवावी लागते. मानचिन्ह जाहीर करणारा निर्णय हा प्रशासकीय निर्णय असतो. त्यात तोडीवर बंदी नसते, दंड नसतो आणि कोणाला कारवाईचे अधिकारही दिलेले नसतात.

आंब्याचेच बघा. खाजगी जमिनीतला आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही, पण त्याचे कारण तो राज्यवृक्ष आहे हे नव्हे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 या कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, हिरडा, चिंच, फणस, खैर, चंदन यांच्याबरोबर आंबाही आहे, म्हणून परवानगी लागते. उद्या राज्यवृक्षाचा मान काढून घेतला तरी हे संरक्षण राहील. शेकरूला आधार आहे तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चा. पांढऱ्या चिप्पीच्या मागे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम आणि कांदळवनांविषयीचे मुंबई उच्च न्यायालयाचे 2005 पासूनचे आदेश उभे आहेत. आणि पापलेट राज्यमासा झाला म्हणून बाजारातून गेला नाही. त्याची पिल्ले जाळ्यात जाऊ नयेत यासाठी किमान आकाराचा वेगळा नियम करावा लागला.

म्हणून ज्या झाडासाठी मागणी करणार आहात, ते आज कोणत्या कायद्याखाली येते हे आधी तपासा. उदाहरणार्थ, सालीसाठी सोलला जाणारा सीता अशोक आणि कर्करोगावरच्या औषधांसाठी तोडला जाणारा सह्याद्रीतला नरक्या ही दोन झाडे 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत नाहीत. राखीव वनात ती असतील तर भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो. त्या कायद्यात सालीची गणना वनोपजात केलेली आहे, त्यामुळे राखीव वनातून विनापरवाना साल काढणे हा गुन्हाच ठरतो. मालकी रानात मात्र हीच झाडे जवळजवळ उघडी पडलेली आहेत. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर तेथे पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळी वागणूक मिळते.

मानचिन्हाचा अर्ज करताना त्याच्या जोडीला दोन मागण्या ठेवाव्यात. पहिली, 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत त्या झाडाचा समावेश. दुसरी, जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 38 खाली त्याची नोंद. नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्रजाती जाहीर करून त्यांच्या गोळा करण्यावर बंदी किंवा बंधन घालण्याची सोय या कलमात आहे. या दोन मागण्या सोडून नुसता मान मागणाऱ्या अर्जाचा झाडाला फारसा उपयोग होणार नाही.

प्रश्न : प्रस्ताव कोणाकडे पाठवायचा? त्यात काय काय जोडावे लागते? (निसर्गमंडळाचे सदस्य, रत्नागिरी)

उत्तर : यासाठी छापील नमुना नाही आणि स्वतंत्र कायदाही नाही. पूर्वी झालेले निर्णय पाहिले तर वाट दिसते. फुलपाखरू आणि कांदळवन वृक्ष या दोन्हींचा निर्णय राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत झाला. या मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि सदस्य सचिव मुख्य वन्यजीव रक्षक असतात. म्हणजे प्रस्ताव मंडळाच्या विषयपत्रिकेवर आणायचा असेल तर तो नागपूरच्या वनमुख्यालयात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात पोहोचला पाहिजे. एक प्रत मंत्रालयात महसूल व वन विभागाला द्यावी. दुसरी प्रत महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला द्यावी, कारण झाडाच्या स्थितीबद्दल अभिप्राय तेथूनच मागवला जाण्याची शक्यता जास्त.

थेट वर पाठवण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांकडे एक प्रत देऊन पोच घ्या. वरून कागद चौकशीसाठी खाली येतो तेव्हा तो त्यांच्याच टेबलावर येतो. त्यांना विषय माहीत नसेल तर "माहिती उपलब्ध नाही" असा शेरा पडतो आणि प्रकरण तिथेच थांबते.

प्रस्ताव आठ-दहा पानांचा पुरे. पहिल्या पानावर झाडाचे शास्त्रीय नाव, जुनी शास्त्रीय नावे आणि महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांतली लोकनावे द्या. पुढे आढळक्षेत्र तालुक्यांच्या पातळीवर, संख्येची पाहणी आणि ती कशी केली याचे वर्णन, धोक्याची कारणे, आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत झाड आहे त्यांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे ठराव. हे ठराव फार वजनदार असतात, कारण जैवविविधता कायद्यानेच त्या समित्या स्थापन झालेल्या आहेत. वनस्पतीचा सुकवलेला नमुना एखाद्या मान्य वनस्पतिसंग्रहात जमा केलेला असेल तर त्याचा क्रमांक लिहा. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तेथे ओळख पक्की करून घेता येते. संकटातल्या झाडाच्या नमुन्यासाठी फुलोऱ्याची एक लहान फांदी पुरेशी होते, आणि जागा राखीव वनातली असेल तर त्यासाठीही वनविभागाची लेखी परवानगी लागते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे अपेक्षित शासन निर्णयाचा मसुदा. बहुतेक संस्था तो जोडतच नाहीत. मग निर्णय होतो तो दोन ओळींचा : "अमुक वृक्षास राज्याचे मानचिन्ह म्हणून घोषित करण्यात येत आहे." त्याऐवजी मसुद्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट मागा. जबाबदार अधिकारी पदनामाने नमूद करावा. दर पाच वर्षांनी रानटी झाडांची मोजणी व्हावी आणि तिचा गोषवारा, नेमक्या जागा न देता, प्रसिद्ध व्हावा. बी कोणत्या रानांतून घ्यायचे ते ठरवून त्याची रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत करावीत. साल किंवा लाकूड विकणाऱ्याने ते लागवडीतले असल्याचा दाखला ठेवावा. आणि या सगळ्यासाठी लेखाशीर्ष कोणते, ते लिहिलेले असावे. लेखाशीर्ष नसलेला निर्णय कागदावरच राहतो, कारण विभागाला इच्छा असली तरी खर्च टाकायला जागा नसते.

प्रश्न : मग आंब्याला काढून दुसरे झाड राज्यवृक्ष करायचे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : त्याची गरज नाही, आणि ती मागणी करूही नये. आंबा हटवायचा म्हटले की सगळी चर्चा आंब्याच्या बाजूने आणि विरोधात होईल. ज्या झाडासाठी धडपड चालली आहे ते मागे पडेल. 2020 मध्ये "राज्य कांदळवन वृक्ष" असा नवा गट निर्माण झाला, तो कोणालाही न हटवता. त्याच धर्तीवर "राज्याचा संवर्धन वृक्ष" असा स्वतंत्र गट मागणे सोपे जाते.

एक झाड दोन राज्यांचे मानचिन्ह असायलाही हरकत नसते. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोघांचाही राज्यवृक्ष होलाँग आहे.

प्रश्न : झाड संकटात आहे हे सिद्ध कसे करायचे? "पूर्वी खूप होती, आता दिसत नाहीत" एवढे पुरे होते का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : गावातल्या जुन्या लोकांची ही साक्ष मोलाची आहे, ती तारीख-गाव घालून नोंदवून ठेवा. मात्र तिला मोजणीची जोड हवी.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीचे निकष सगळीकडे मानले जातात. त्यातला सर्वांत सोपा निकष प्रौढ झाडांच्या संख्येचा आहे. प्रजातीची एकूण प्रौढ झाडे 50 पेक्षा कमी असतील तर ती अतिसंकटग्रस्त, 250 पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त, 1000 पेक्षा कमी असतील तर असुरक्षित. दुसरा निकष घटीचा. गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा त्यात, संख्या 30 टक्के घटली आणि कारण अजून चालूच असेल तर असुरक्षित. 50 टक्क्यांना संकटग्रस्त आणि 80 टक्क्यांना अतिसंकटग्रस्त. झाडांच्या बाबतीत तीन पिढ्या म्हणजे शंभर वर्षांच्या घरातही जाऊ शकतात. त्यामुळे जुन्या वनस्पतिसूची, वनविभागाच्या कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचे आराखडे) आणि वनस्पतिसंग्रहातले जुने नमुने यांतल्या नोंदी शोधाव्या लागतात. त्या ठिकाणी आज जाऊन झाड आहे की नाही हे बघणे, हा घट दाखवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग आहे.

तिसरा निकष क्षेत्राचा. नकाशावर 2 किमी बाय 2 किमीचे चौकोन आखतात आणि झाड सापडलेले चौकोन मोजतात. प्रत्येक चौकोन 4 चौरस किलोमीटरचा. हे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या आत भरले, म्हणजे 125 पेक्षा कमी चौकोन झाले, तर प्रजाती संकटग्रस्त ठरू शकते. मात्र त्याबरोबर तुकडे पडणे किंवा सतत घट होणे यांसारख्या अटीही पूर्ण व्हाव्या लागतात. हे सगळे निकष लागतात ते प्रजातीच्या जगभरातल्या संख्येला. फक्त महाराष्ट्रापुरती मोजणी असेल तर ती "राज्यातील स्थिती" असे स्पष्ट लिहूनच मांडावी.

प्रत्यक्ष पाहणीसाठी सीता अशोकासारखे झाड घेतले तर ते सावलीच्या ओढ्याकाठी वाढते. म्हणून ओढ्याच्या काठाने 500 मीटरचे टप्पे करून दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर पाहावे. फेब्रुवारी ते एप्रिल हा फुलांचा काळ त्यासाठी चांगला, कारण खोडाफांद्यांवरचे केशरी-लाल घोस दाट पानांतही ओळखू येतात. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर टेपने मोजायचा. उतारावर असाल तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. नोंदवहीत चार रकाने ठेवा : गुडघ्याखालची रोपे, गुडघ्यापासून छातीपर्यंतची, छातीवर 30 सेंटिमीटरपेक्षा कमी घेराची तरणी झाडे आणि त्याहून जाड झाडे. साल काढल्याची खूण, तुटलेला शेंडा, गुरांच्या चराईचा ताण यांची वेगळी नोंद असू द्या.

या चार रकान्यांतून जे कळते ते एकूण आकड्यातून कळत नाही. जाड झाडे भरपूर आणि मधले दोन रकाने रिकामे, असे चित्र असेल तर ते रान आज हिरवे दिसत असूनही म्हातारे झालेले आहे. रोपे उगवतात पण टिकत नाहीत, म्हणजे चराई, वणवा किंवा ओढ्यातले पाणी लवकर आटणे यांपैकी काहीतरी घडते आहे. उपाय त्यावरच करायचा असतो.

मंदिराच्या आवारातली, उद्यानातली आणि रस्त्याकडेची लावलेली झाडे या मोजणीत मिसळू नका, त्यांची यादी स्वतंत्र ठेवा. नेमकी स्थाने कोणत्याही सार्वजनिक अहवालात किंवा समाजमाध्यमावर देऊ नका. फोनने काढलेल्या छायाचित्रातही स्थानाची नोंद दडलेली असते; ती काढून मगच छायाचित्र पाठवा.

प्रश्न : महाराष्ट्रासाठी कोणते झाड सुचवाल? सीता अशोक, नरक्या, चंदन, की दलदलीतले रानजायफळ? (वाचक, पुणे)

उत्तर : या चौघांचा विचार करताना एक प्रश्न धरून ठेवावा : प्रसिद्धी मिळाली तर या झाडाचे भले होईल की नुकसान?

रानजायफळाची एक दुर्मीळ जात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथील दलदलीत आहे. ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेली आहे आणि तिचे क्षेत्र अवघे अडीच हेक्टरच्या आसपास आहे. या झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि त्यांतून श्वास घेतात. बघ्यांच्या पायांखाली ती मोडतात, चिखल घट्ट होतो. इतक्या लहान जागेला राज्यभर गाजवणे योग्य नाही. वारसास्थळाचा दर्जा तिच्यासाठी अधिक चांगला आहे.

नरक्याची अडचण वेगळी आहे. त्यात कॅम्पटोथेसिन असते, ज्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे बनतात. आपल्या नरक्यात ते असल्याचे 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सह्याद्रीतून हे लहान चणीचे झाड मुळासकट गेले, कारण द्रव्य लाकडात आणि मुळांत असते आणि तोडणाऱ्याला सगळेच झाड हवे असते. चोरट्या व्यापाराची साखळी तयार असलेल्या झाडाला, मालकी रानातल्या झाडांचे संरक्षण पक्के होण्याआधी, प्रकाशझोतात आणणे धोक्याचे आहे. आधी कायदा आणि लागवड, मग मान, असा क्रम त्याच्यासाठी ठेवावा.

चंदन हा कर्नाटकाचा राज्यवृक्ष आहे आणि लाल यादीत तो असुरक्षित गटात आहे. तिथला अनुभव शिकण्यासारखा आहे. खाजगी जमिनीत उगवलेले चंदनही दीर्घकाळ सरकारच्या मालकीचे मानले जाई. शेतकऱ्याला त्यातून मिळकत नव्हती आणि चोरी झाली तर चौकशी मात्र त्याची होई. साहजिकच बांधावरचे रोप कोणी वाढू देईना. 2001 मध्ये कायदा बदलून झाड जमीनधारकाच्या मालकीचे केल्यावरच लागवडीला वेग आला. राज्यवृक्षाच्या मानाने जे झाले नाही ते मालकीहक्काने झाले. त्रिपुराचा राज्यवृक्ष अगर हाही असाच : रानातला अगर अतिसंकटग्रस्त आहे, पण परसबागांतून त्याची लागवड टिकून आहे.

आमचे मत सीता अशोकाच्या बाजूने आहे. तो लाल यादीत असुरक्षित आहे, कोकण आणि घाटातल्या ओढ्यांकाठचा आपला मूळ रहिवासी आहे, सर्वसामान्यांना नावाने माहीत आहे आणि बियांपासून सहज वाढवता येतो. तो उत्तर प्रदेशाचा राज्यवृक्ष असला तरी आडवे येत नाही. धोका आहे तो सालीच्या मागणीचा, आणि त्यावरचे बंधन शासन निर्णयातच यावे, हे वर सांगितलेच आहे.

प्रश्न : रोपवाटिकेत "अशोक" म्हणून मिळणारी रोपे सीता अशोकाचीच असतात का? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : बऱ्याचदा नसतात. शाळा-कार्यालयांच्या कडेने सरळ उंच वाढणारा, नागमोडी कडांच्या लांब पानांचा जो अशोक दिसतो, तो सीताफळाच्या कुळातला आहे. त्याचे पान साधे असते, फुले हिरवट व चांदणीसारखी आणि फळे लहान अंडाकृती, घोसाने लागणारी. सीता अशोक शिंबाकुळातला. त्याचे पान संयुक्त असते, मधल्या दांड्यावर पर्णिकांच्या साधारण चार ते सहा जोड्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. कोवळी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी. फुलांना पाकळ्या नसतात. रंगीत दिसतात ती निदले, आणि त्यांतून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. फळ म्हणजे चपटी शेंग.

उद्यानांसाठी आग्नेय आशियातला पिवळ्या फुलांचा अशोकही विकला जातो. तो याच प्रजातिगटातला असल्याने पाने पाहून फसगत होते. फूल येईपर्यंत खात्री नसेल तर असे रोप संवर्धनाच्या लागवडीत घेऊ नये. जुन्या पुस्तकांत सीता अशोकाला "साराका इंडिका" म्हटलेले आढळते. ते नाव दुसऱ्याच, आग्नेय आशियाई जातीचे आहे. आपल्या झाडाचे नाव "साराका असोका". शासन निर्णयात चुकीचे नाव गेले तर रोपवाटिकांना चुकीचे झाड पुरवायला कागदोपत्री मुभाच मिळते.

प्रश्न : सीता अशोकाची रोपे बियांपासून कशी करायची? दोनदा पेरूनही उगवली नाहीत. (शेतकरी, संगमेश्वर)

उत्तर : बहुधा बी वाळले असावे. सीता अशोकाचे बी साठवणीचे नाही. धान्यासारखे उन्हात वाळवून डब्यात ठेवले की आतला अंकुर मरतो, बाहेरून मात्र ते ठणठणीत दिसते.

शेंगा पावसाळ्याच्या तोंडाला पिकतात. आधी त्या तांबूस-जांभळट आणि मांसल असतात, पिकल्यावर काळसर व चामड्यासारख्या होतात. फुटायच्या बेतात असताना काढा किंवा खाली पडलेल्या ताज्या गोळा करा. कीड लागलेले, भोक असलेले, दाबल्यावर पोकळ लागणारे बी टाकून द्या. उरलेले सावलीत ठेवा आणि आठवडाभरात पेरा. तेवढे थांबावे लागले तर ओलसर वाळूत किंवा ओल्या गोणपाटात ठेवा, हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत नको, कारण त्यात बुरशी धरते.

पेरण्याआधी बारा तास साध्या पाण्यात भिजवा. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन 6 बाय 9 इंचांच्या पिशव्या भरा, खाली पाण्याच्या निचऱ्यासाठी भोके असू द्या. बी आडवे ठेवून दोन-अडीच सेंटिमीटर खोल पेरा. साधारण तीन-चार आठवड्यांत उगवण होते. वर पन्नास टक्के सावलीची जाळी हवी. पाणी रोज थोडे. पिशवीत पाणी साचले तर रोप मातीलगत काळे पडून आडवे होते. तसे दिसले तर ते रोप काढून टाका, पाणी कमी करा आणि पिशव्यांमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवा. मुळे पिशवीबाहेर जमिनीत जाऊ नयेत म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी पिशव्यांची जागा बदला.

रोप पुढच्या पावसाळ्यात लावा. खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल, दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर. जागा ओढ्याकाठी किंवा मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत. उघड्या उन्हात लावलेल्या रोपाची पालवी करपते आणि दोन उन्हाळ्यांत ते खुरटते. बहुतेक लागवडी इथेच फसतात. पहिले तीन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि आठवड्याला पाणी द्यावे लागेल.

संवर्धनासाठी लागवड असेल तर बी एकाच झाडाचे घेऊ नका. ती सगळी रोपे भावंडे असतात, पुढे त्यांच्यातच परागण होऊन पिढी कमजोर होते. एकमेकांपासून किमान पन्नास ते शंभर मीटर दूर असलेल्या पंचवीस-तीस झाडांचे बी मिसळून घेणे उत्तम. एवढी झाडे नसतील तर दहा-पंधरा तरी हवीत. कोणत्याही झाडाच्या शेंगांचा पाचवा हिस्सा घ्यावा, बाकी रानाला राहू द्यावा. आणि शक्यतो आपल्याच खोऱ्यातले बी आपल्या खोऱ्यात वापरावे.

प्रश्न : औषधासाठी साल काढली तर झाड मरते का? (वैद्य, सांगली)

उत्तर : कशी काढता त्यावर आहे. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या नळ्या सालीच्या आतल्या थरात असतात. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले की मुळांची उपासमार होते आणि झाड काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत वाळते. रानातल्या झाडाची साल घेऊच नये. स्वतःच्या लागवडीतल्या झाडाची हवी असेल तर मुख्य खोड सोडून छाटणीच्या फांद्यांची घ्या. खोडाचीच घ्यायची वेळ आली तर घेराच्या चौथ्या भागापेक्षा कमी रुंदीची उभी पट्टी घ्या, आतल्या ओल्या पांढऱ्या लाकडाला पाते लागू देऊ नका, आणि ती जागा भरून येईपर्यंत दुसरी पट्टी काढू नका. बाजारातल्या सालीत उंच अशोकाची भेसळ नेहमीची असल्याने स्वतःची लागवड रुग्णाच्याही हिताची ठरते.

प्रश्न : राज्याचा निर्णय होईपर्यंत गाव किंवा जिल्हा स्वतःचे झाड जाहीर करू शकतो का? (ग्रामपंचायत सदस्य, चंदगड)

उत्तर : जरूर. केरळातल्या कासरगोड जिल्ह्याने स्वतःचे झाड, फूल, पक्षी आणि प्राणी जाहीर केले आहेत. झाड निवडले ते काजरा, ज्याला आपण कुचलाही म्हणतो. ग्रामसभेत ठराव करा, तो जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत त्या झाडाचे पान स्वतंत्र करा. ठरावात कोणत्या ओढ्याकाठी चराई आणि साल काढणे बंद राहील, वणव्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) कोण काढेल आणि कधी, ही कामे माणसांच्या जबाबदारीसह लिहा. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा झाली नाही तर मार्चमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही.

प्रश्न : आमच्या गावचा सडा मोकळाच आहे. तिथे पाचशे अशोक लावावेत का? (युवक मंडळ, राजापूर)

उत्तर : नको. जांभ्या कातळावर मातीचा थर बोट-दोन बोटांचा असतो, उन्हाळ्यात तो तापतो आणि सीता अशोकाला लागणारी सावली व ओल तिथे नाही. शिवाय सडा ओसाड नसतो; पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या कितीतरी लहान वनस्पती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, आणि खड्डे खणले की त्या जातात. सड्याखालच्या घळीत बारमाही ओल असलेली जागा शोधा आणि तिथे पन्नासच लावा. त्यांना पहिली तीन वर्षे पाणी घालणारी माणसे आधी ठरवा.